खेकडा-गवत : ओळख, स्वभाव व बंदोबस्त

खरिपाच्या पिकांस उपद्रव देणाऱ्या तणांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. हरळी, लव्हाळा, कुंदा यांचा जीव जमिनीखालील कांड्यांत व गांठींत असतो. तीं वर्षानुवर्षें टिकतात. दुसऱ्या वर्गांतील तणें एकाच हंगामापुरतीं जगतात व पुढील सालीं केवळ बियांच्या जोरावर उगवतात. डिजिटेरिया या कुळांतील खेकडा-गवत दुसऱ्या वर्गांतील होय. त्याच्या काड्या बुडख्यापासून चोहोंकडे खेकड्याच्या पायांसारख्या पसरतात, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या मुलखांत त्यास हें नांव पडलें. आपल्याकडे त्याचीं नांवें जिल्ह्यागणिक बदलतात; सबब नांवावर न विसंबतां तें लक्षणांवरून ओळखावें.

ओळख.— पान फिकट हिरवें, हरळीच्या पानाहून रुंद व मऊ असतें; पानाच्या खालच्या वेष्टनावर बहुधा लव असते. काड्या प्रथम भुईसरपट जाऊन शेंड्याकडे वर उठतात, आणि जमिनीस टेकलेल्या पेरांपासून त्यांस मुळ्या फुटतात. तुऱ्यास बोटांसारखे बारीक फांटे येतात. लॅटिन भाषेंत बोटास ‘डिजिटस’ म्हणतात, त्यावरून कुळाचें नांव पडलें. हरळीच्या तुऱ्याचे फांटे एकाच ठिकाणाहून निघतात; या गवताचे बहुधा थोडे खालींवर निघालेले आढळतात. हरळीप्रमाणें याचीं लांब कांडीं जमिनींत खोल जात नाहींत.

स्वभाव.— हें गवत तृणधान्यांचेंच भाऊबंद आहे. लिनियस या शास्त्रज्ञानें १७५३ सालीं त्याची एक प्रमुख जात वरीच्याच कुळांत घातली होती. खासी टेंकड्यांत पिकणारें रायशान व पश्चिम आफ्रिकेंतील फोनिओ हीं धान्यें डिजिटेरिया कुळांतीलच आहेत. ज्वारी, मका व ऊस यांच्याप्रमाणेंच कडक ऊन व उष्णता यांचा पुरेपूर उपयोग करून घेण्याची शक्ति या गवतांत आहे. भुईमूग, उडीद, सोयाबीन व कापूस यांच्या अंगीं ती तितकी नाहीं. म्हणून पावसानें उघडीप देऊन ऊन पडलें कीं अशा पिकांस तें हां हां म्हणतां मागें टाकतें.

मोकळ्या जागीं वाढलेल्या एका जोमदार रोपास लाखावर बिया धरूं शकतात. एकरांत अशीं दहाच रोपें राहिलीं असें धरून हिशेब करावा. दहा लाख बिया झाल्या. म्हणजे गुंठ्यास २५,००० व चौरस फुटास सुमारें २३. त्यांपैकीं पुष्कळ मुंग्या, पांखरें व कूज यांच्या वाट्यास जातात हें खरें. तथापि उरलेल्या कांहीं वर्षें मातींत जिवंत राहून वरचेवर उगवतात. सारा थकल्यास जशी मागील बाकी पुढील सालच्या खात्यावर चढते, तशीच ही बाकी जमिनीच्या खात्यावर चढते. बीं गळून पडल्यावर निंदणी केली, तर मजुरी जाते आणि बाकी कायम राहते.

बंदोबस्त.— बहुतेक बीं जमिनीच्या वरच्या इंच-सव्वा इंच थरांतून उगवतें. तीन इंचांहून खोल गेलेलें सहसा वर येत नाहीं. म्हणून पहिल्या पावसानंतर, हंगामास उशीर होत नसेल तर, तण उगवूं द्यावें व वाफशावर कुळवाची उथळ पाळी देऊन मग पेरावें. या वेळीं खोल नांगरट केल्यास पुरलेलें जुनें बीं वर येईल. पेरणीनंतरचे पहिले चार ते सहा आठवडे पीक निर्मळ राखावें. कोळपणी उन्हाच्या दिवशीं करावी. ओल्या मातींत पडलेल्या काड्या पेरांपासून पुन्हां मूळ धरतात. तुरे येण्यापूर्वीं उपटलेलें गवत गुरें आवडीनें खातात. बीं धरलेलें मात्र त्यांस घालूं नये, कारण कांहीं बिया शेणावाटे पुन्हां शेतांत येतात.

पेंडिमिथॅलिनसारखीं औषधें तण उगवण्यापूर्वींच जमिनीवर फवारावीं लागतात. मोठ्या झालेल्या गवतावर त्यांचा उपयोग नाहीं. २,४-डी हें मुख्यत्वें रुंद पानांच्या तणांवर चालतें. या गवतावर तें फुकट जातें, आणि शेजारच्या कपाशीवर उडाल्यास मोठें नुकसान होतें. कोणतेंही औषध आपल्या पिकास चालतें किंवा कसें, हें वेष्टनावरील सूचना वाचूनच ठरवावें.

अमेरिकेंत घरांपुढील हिरवळींत हें गवत फार त्रास देतें. वसंतांत जमीन तापली म्हणजे तें उगवतें व कडक थंडीनें मरून मागें उघडे डाग ठेवतें. पुढील वसंतांत त्याच डागांत तें पुन्हां उगवतें. हिरवळ दाट असावी व फार खुरटी कापूं नये, असा तेथील उपाय आहे. कारण सावलींत या गवताचें कांहीं चालत नाहीं. आपल्या शेतासही हा नियम लागू पडतो. खाडे वेळींच भरावे, ओळींचें अंतर विनाकारण वाढवूं नये, म्हणजे पीकच जमीन झांकून टाकील.

बांध व पाटाची कड यांकडेही लक्ष असावें. शेत निर्मळ ठेवून बांधावर तुरे डोलूं दिले, तर केलेला खर्च वाया जातो. तुरा दिसण्यापूर्वीं दिलेली एक खुरपणी ही नंतरच्या अनेक खुरपण्यांचा खर्च वांचविते.