लाल रावाचे मूळ : ‘द साइन ऑफ फोर’मधील एका गौण पात्राविषयी

आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) या कादंबरीत लाल राव नावाचा एक बटलर आहे. तो एकदाही बोलत नाही. त्याचे वय, रूप, वेश यांवर निवेदक वॉटसन एक ओळही खर्च करीत नाही. नावातील ‘राव’ पाहून मराठी वाचकाचे कान टवकारतात; मेजर शोल्टो हा त्याचा मूळ धनी ३४व्या बॉम्बे इन्फन्ट्रीतला, म्हणून लाल रावास दख्खनचा ठरविण्याचा मोह अधिकच होतो.

हा मोह आवरलेला बरा. ‘राव’ तेलुगू व कन्नड प्रदेशांतही आहे, राजस्थानात तर ती पदवी आहे. ‘लाल’ हा घटक मुख्यतः उत्तरेकडील नावांतला. शिवाय संहितेतील इतर नावांची साक्ष पाहावी. महोमेट सिंग आणि अब्दुल्ला खान या दोघांनाही कादंबरी शीख म्हणते. मेजरच्या आधीच्या नोकराचे नाव लाल चौदार. त्यामागे ‘चौधरी’ आहे की ‘चोपदार’, हे ठरविण्यास आधार नाही. घर ‘पाँडिचेरी लॉज’, खजिना आग्र्याचा, मेजरची नेमणूक अंदमानात. डॉइल यांनी तोवर भारत पाहिलेला नव्हता. अशा सामग्रीवरून पात्राचा प्रांत काढणे म्हणजे ऐकीव माहितीला खानेसुमारीचा दर्जा देणे होय.

मूळाचा प्रश्न तरीही निरर्थक ठरत नाही. टोंगा या अंदमानी पात्रासाठी होम्स निदान गॅझेटिअर तरी उघडतो (त्यातील वर्णन विकृत आहे, हा भाग वेगळा). लाल रावाच्या वाट्याला तेवढेही येत नाही. घरातून कोणीतरी बातमी पुरविली असली पाहिजे, हे होम्सचे अनुमान योग्य आहे. पण ती व्यक्ती लाल रावच, यास आधार काय? घर सांभाळणाऱ्या मिसेस बर्नस्टोनचे त्याच्याविषयीचे प्रतिकूल मत! जोनाथन स्मॉल कबुलीजबाबात साहाय्यकाचे नाव सांगण्याचे नाकारतो. तेवढ्यावरच होम्स लाल रावाचा अपराध निश्चित मानतो, आणि जोन्सच्या जाळ्यात निदान हा एक मासा खरा सापडला, असा विनोदही करतो.

दारावरचा मॅकमर्डोही त्याच घरातला, तोही अटक झालेला. परंतु तो जुना मुष्टियोद्धा आहे, होम्सशी एकदा लढलेला आहे. त्याला भूतकाळ आहे, म्हणून तो संशयातून सुटतो. लाल राव फितूर का झाला, त्याला त्याबद्दल काय मिळाले, हे पुराव्याचा एवढा आग्रह धरणारा होम्स विचारीतही नाही.