शेगडीच्या दाराची दोरी

आपल्या घरातील चूल उघड्या तोंडाची. फुंकणीने फुंकावे, लाकूड पुढे सारावे, जाळ फार झाला तर मागे ओढावे. विस्तव आणि गृहिणी यांच्यामध्ये आडपडदा असा नाहीच. विस्तवाला दार लावून कोंडावयाचे आणि त्या दाराच्या फटीची काळजी वाहावयाची, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांस प्रथमदर्शनी थोडी विनोदी वाटेल. परंतु जेथे हिवाळ्याचे तीन महिने घरातील ऊब त्या दारावर अवलंबून असते, तेथे कोणी हसत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नावाचे बेट आहे. त्या बेटावरील लॉन्सेस्टन हे शहर टेमार नदीच्या खोऱ्यात वसले आहे. तिकडे हिवाळा जून ते ऑगस्ट. रात्री थंड, जड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग घराघरांतून निघालेला धूर वर न जाता शहरावरच तरंगत राहतो. एके काळी तेथील शंभर घरांपैकी ६६ घरांत लाकडाची शेगडी असे. २००१ साली शासनाने शेगडीऐवजी विजेची साधने घेण्यास लोकांना साहाय्य देण्याची योजना हाती घेतली आणि ते प्रमाण ३० वर उतरले. हिवाळ्यात दर घनमीटर हवेत धुळीचे व धुराचे सूक्ष्म कण सरासरी ४४ मायक्रोग्रॅम असत, ते २७ झाले. हृदयाच्या व श्वसनाच्या विकारांनी हिवाळ्यात होणारे मृत्यूही कमी आढळले. हा अभ्यास २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये प्रसिद्ध झाला. हे यश शेगड्या काढून टाकल्याचे आहे, दुरुस्त केल्याचे नव्हे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्या घरांत शेगडी राहिली, तेथे ती नीट जळणे किती अगत्याचे आहे, हे या आकड्यांवरून समजते.

आता ही शेगडी कशी असते ते पाहू. जाड पत्र्याची किंवा ओतीव लोखंडाची एक पेटी, तिला समोर उष्णता सोसणारी काच बसविलेले दार, वर छपराबाहेर जाणारे धुराडे आणि हवा कमीअधिक करण्याची एक झडप. लाकूड तापले म्हणजे त्यातून वायू बाहेर पडतात आणि ज्वाला दिसते ती मुख्यत्वे या वायूंची. धुराड्यातून तप्त वायू वर चढू लागले की त्यांच्यामागे ओढ निर्माण होते व बाहेरची हवा पेटीत शिरते. ती झडपेतूनच शिरली तर जाळ मालकाच्या हातात राहतो. झडप उघडा, जाळ वाढतो. मिटवा, जाळ मंदावतो. लाकूड कितीही घातले तरी विस्तवावर खरी सत्ता हवेची.

परंतु लोखंड लोखंडावर कितीही नेमके बसविले तरी बारीक फट राहतेच. म्हणून दाराच्या आतील बाजूस चौफेर खाच ठेवून तीत काचतंतूंची जाड, मऊ दोरी चिकटवितात. दार लावून खिटी फिरविली की दोरी चेपते आणि फट बुजते. प्रेशर कुकरच्या झाकणातील रबरी रिंग जे काम करते तेच हे काम. फरक एवढाच, की येथे रबर क्षणभरही टिकणार नाही. ही दोरीही कायमची नव्हे. वर्षानुवर्षे चेपून व तापून ती कडक होते, चपटी पडते, तिचे धागे सुटतात.

अशा वेळी काय होते? ज्यांच्या घरी कंदील असेल त्यांनी त्याची काच थोडी तिरकी बसवून पाहावे. ज्योत फडफडू लागते आणि काच एका बाजूने काळी होते. शेगडीचेही तसेच. झडप मिटवली तरी जाळ ऐकत नाही, कारण हवा दाराच्या कडेने चोरून आत येते. लाकूड भराभर संपते आणि उष्णता खोलीत न राहता धुराड्यातून निघून जाते. अति तापल्याने दाराची चौकट वाकण्याचा संभव असतो. धुराड्यात डांबरासारखी काजळी साठली असेल तर तीही पेटते, आणि मग घरालाच आग लागण्याची भीती असते.

दोरी झिजली की नाही हे ओळखण्यास कागदाची एक पट्टी पुरते. शेगडी पूर्ण थंड असताना पट्टी दारात धरून दार लावावे व ती ओढावी. चांगली अडली तर दोरी ठीक; सहज सुटून आली तर त्या जागी दोरी गेली असे समजावे. चारही बाजूंनी ठिकठिकाणी ही परीक्षा घ्यावी.

बदलण्यापूर्वी एक इशारा आवश्यक आहे. जुन्या शेगड्यांतील दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिचे अतिसूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोगासारखे असाध्य रोग उत्पन्न करतात. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे. परंतु जुन्या वस्तू घरांत उरतातच. शंका आली तर दोरीला हात न लावता जाणकारास बोलवावे. काटकसर करण्याची ही जागा नव्हे.

दोरी काचतंतूंची आहे अशी खात्री झाल्यावर, थंड शेगडीचे दार बिजागरीवरून उचलून जुन्या कापडावर पालथे ठेवतात. हातमोजे व नाकातोंडावर पट्टी बांधून जुनी दोरी ओढून काढतात. मग खरे कष्टाचे काम सुरू होते: खाचेतील जुने लुकण खरवडणे. पुष्कळ लोक येथेच कंटाळतात आणि जुन्याच थरावर नवी दोरी बसवितात. ती लवकरच सुटते. तारेच्या ब्रशाने खाच घासून लोखंड स्वच्छ दिसू लागले पाहिजे.

नव्या दोरीची जाडी शेगडीच्या माहितीपत्रकावरून ठरवावी. चेपलेली जुनी दोरी मोजून नवी आणणारा हमखास फसतो. या दोऱ्या साधारणतः ६ ते १२ मिलिमीटर जाडीच्या असतात. फार जाड घेतली तर दार लागत नाही आणि बळेच लावल्यास बिजागरीवर ताण येतो. बारीक घेतली तर सारा खटाटोप व्यर्थ. प्रथम कोरडीच बसवून पाहावी. नंतर खाचेत उष्णता सोसणाऱ्या लुकणाची बारीक रेघ ओढावी व दोरी तीत बोटांनी दाबत जावी. दोरी ताणू नये! ताणली की ती बारीक होते आणि पुढे आखडून सांध्याशी फट पडते. दोन्ही टोके एकमेकांवर न चढविता समोरासमोर भिडवावीत. मग दार जागेवर लावून, लुकण चौकटीला चिकटू नये म्हणून मध्ये मेणकागद घालून, ते बंद करावे आणि लुकण एक दिवस वाळू द्यावे.

दाराची दोरी नवी केली म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचे भय गेले, असे मात्र समजू नये. या वायूला रंग नाही, वास नाही; रक्तातील हिमोग्लोबिनाशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने जोडला जातो. उत्तर भारतात कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो, त्या याच वायूमुळे. आपल्या शेगडीला तर धुराडेही नसते. तिकडे धुराडे असते. पण ते तुंबले असेल तर नवी दोरीदेखील कोणाला वाचवू शकत नाही. म्हणून दोरीबरोबरच धुराडे साफ करवून घेतात आणि या वायूची सूचना देणारी घंटा घरात बसवितात.

दुरुस्तीनंतरचा पहिला जाळ लहान असावा. लुकणाचा थोडा वास येतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी. दोनचार वेळा शेगडी पेटवून झाली म्हणजे नवी दोरी किंचित बसते. मग शेगडी पूर्ण थंड झाल्यावर खिटी थोडी आवळून पुन्हा ती कागदाची पट्टी दारात धरावी. या वेळी ती ओढताना फाटली, तर काम चोख झाले.