बी.पी. नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?

गेल्या महिन्यात साठीतल्या एका शेतकऱ्याला त्यांच्या मुलाने रात्री साडेअकराला दवाखान्यात आणले. आडवे झाले की दम कोंडायचा, म्हणून दोन रात्री त्यांनी बसून काढल्या होत्या. पाय सुजलेले. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. "गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारले. मुलगा म्हणाला, "बी.पी.ची गोळी बंद केली, डॉक्टरसाहेब. बी.पी. ११०-७० आलं. नॉर्मल असल्यावर गोळी कशाला?"

हा प्रश्न अनेक रुग्णांच्या मनात असतो. त्याचे उत्तर संप्रेरकांत, म्हणजेच हार्मोन्समध्ये आहे.

संप्रेरके हे रक्तातून जाणारे रासायनिक निरोप होत. मूत्रपिंडाकडे येणारे रक्त कमी झाले की ते रेनिन नावाचा पदार्थ सोडते. त्याचा शोध १८९८ साली लागला. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन-दोन हे संप्रेरक तयार होते. ते रक्तवाहिन्या आवळते. शिवाय मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीतून ते अल्डोस्टेरोन हे दुसरे संप्रेरक सोडायला लावते. अल्डोस्टेरोन शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते. अपघातात रक्त गेले किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर हीच यंत्रणा रक्तदाब टिकवून जीव वाचवते.

दुबळ्या हृदयाच्या रुग्णात मात्र घोटाळा होतो. हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलत नाही. मूत्रपिंडाला वाटते, शरीरातले पाणीच आटले. प्रत्यक्षात विहीर भरलेली असते, मोटार दमलेली असते. तरीही संप्रेरके नळ आवळतात आणि पाणी साठवतात. दमलेल्या मोटारीवर आणखी भार पडतो. पाणी पायांत उतरते, फुफ्फुसांत साचते. हळूहळू हृदयाचा स्नायूही ताणला जातो आणि निबर होतो. मीठ व पाणी बाहेर टाकणारे संप्रेरक हृदय स्वतःही तयार करते, पण या ओढाताणीत ते अपुरे पडते.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या अँजिओटेन्सिन-दोन तयार होऊ देत नाहीत. लोसार्टन, टेल्मिसार्टन त्याचे काम अडवतात. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरोनला रोखते. हृदय खूप दुबळे झालेल्या रुग्णांवरील स्पायरोनोलॅक्टोनचा एक मोठा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. म्हणजे आपण ज्यांना "बी.पी.ची गोळी" म्हणतो, त्या हृदयरुग्णात नुसता आकडा उतरवण्यासाठी नसतात. हृदयाला या संप्रेरकांपासून वाचवण्यासाठी त्या असतात.

हृदयरुग्णांनी व घरच्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) गोळी मनाने बंद करू नये. उठताना चक्कर येत असेल किंवा कोरडा खोकला सुरू झाला असेल, तर डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. ओठ किंवा चेहरा अचानक सुजला, तर मात्र पुढची गोळी न घेता ताबडतोब दवाखाना गाठावा.

२) डॉक्टर सांगतील तेव्हा रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घ्यावे. या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकते. कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियम असते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

३) गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. त्यांतील बऱ्याच गोळ्या मीठ-पाणी साठवतात व मूत्रपिंडाला त्रास देतात.

४) दिवसाचे एकूण मीठ एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवावे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरावे.

५) रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते अंगावरचे मांस नव्हे, साठलेले पाणी समजावे आणि दवाखाना गाठावा.

६) जुलाब-उलट्या सुरू झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अशा वेळी काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात.

त्या शेतकऱ्यांना आम्ही रात्रीच मोठ्या रुग्णालयात हलवले. आठवड्याने ते घरी आले. आता मुलगा रोज वहीत वजन लिहितो. परवा बी.पी. मोजले, पुन्हा ११०-७० आले. मी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, "गोळी चालूच ठेवायची, ठाऊक आहे!"