प्रसाधनांचा खण आवरा, त्वचा सांभाळा

चेहऱ्यावर पुरळ, काळे डाग किंवा खाज घेऊन माझ्याकडे येणाऱ्या भगिनींना मी एक गोष्ट हटकून सांगते, "पुढच्या खेपेला येताना तोंडाला जे जे लावता ते सगळे पिशवीत घालून आणा." पिशवी टेबलावर रिकामी केली, की पंधरा-वीस वस्तू सहज निघतात. त्यातल्या रोजच्या वापराच्या चार-पाच असतात. बाकीच्या कुणी भेट दिलेल्या, जत्रेत घेतलेल्या, जाहिरात पाहून आणलेल्या किंवा मैत्रिणीला गुण आला म्हणून मागवलेल्या असतात. औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी हा पसारा कमी करावा लागतो. तो कसा कमी करायचा आणि का, ते आज पाहू.

जुन्या काळी घरात फणेरपेटी असे. आरसा, फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा आणि काजळाची डबी, एवढ्यावर स्त्रियांचे भागत असे. जुने ते सगळे चांगलेच होते, असे मला म्हणायचे नाही. पण वस्तू मोजक्या असल्याने कशाने काय झाले, ते लगेच कळत असे.

जास्त वस्तूंनी बिघडते काय?

प्रत्येक प्रसाधनात सुगंधी द्रव्ये, रंग आणि ते टिकावे म्हणून घातलेली रसायने असतात. यांपैकी कशाचीही त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. ही ॲलर्जी लावल्या लावल्या दिसतेच असे नाही; बहुधा एक-दोन दिवसांनी खाज सुटते, लाली येते. वर्षानुवर्षे सोसलेली वस्तूही एक दिवस सोसेनाशी होते. अशा वेळी चेहऱ्यावर पंधरा वस्तू लागत असतील, तर चोर शोधणार कसा? चारच असतील, तर एकेक बंद करून आठ-पंधरा दिवसांत उलगडा होतो.

दुसरी गोष्ट तेलकट प्रसाधनांची. थरावर थर चढले, की त्वचेची छिद्रे बुजतात आणि गालांवर, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या येतात. त्या झाकायला आणखी थर चढवला जातो आणि पुटकुळ्या आणखी वाढतात.

चार ढीग करा

एखाद्या दुपारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळा खण त्यावर ओता आणि चार ढीग लावा.

पहिला ढीग, मुदत संपलेल्या व बेनावी वस्तूंचा. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत आहे का, ते पाहा. बऱ्याच वस्तूंवर झाकण उघडलेल्या डबीचे लहानसे चित्र असते व त्यात '६ एम' किंवा '१२ एम' असे छापलेले असते. डबी उघडल्यापासून किती महिने वापरायची, ते यावरून कळते. ही खूण नसेल, तर साधारण हिशेब असा ठेवावा: मस्कारा तीन महिने, काजळ तीन ते सहा महिने, पातळ फाउंडेशन सहा महिने ते वर्ष, लिपस्टिक वर्ष-दीड वर्ष आणि कोरडी पावडर दोन वर्षे. वास बदलला असेल, तेल वेगळे सुटले असेल किंवा रंग पालटला असेल, तर मुदत शिल्लक असूनही टाकून द्यावे. डोळे आले असताना वापरलेले काजळ तर पुन्हा डोळ्यांना लावूच नये. सुकलेल्या मस्कारात पाणी घालून तो पुन्हा वापरणे म्हणजे जंतूंना आवतण देणे होय.

दुसरा ढीग, औषधांचा. हा ढीग पाहिला की मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे आहेत का, ते वाचा. ही स्टिरॉइडे आहेत. इसब किंवा सोरायसिसवर डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेले हे औषध अनेक घरांत रोजचे स्नो होऊन बसले आहे. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उठतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि उन्हात जाताच आग होते. लावणे थांबवले की चेहरा लालबुंद होतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. तरीही मागितली की ट्यूब मिळते, हे आपण सारे जाणतो. असे मलम महिनोन् महिने लावत असाल, तर ते घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते कसे थांबवायचे, हे त्यांच्या सल्ल्यानेच ठरवा.

तिसरा ढीग, गोरे करणाऱ्या क्रीमचा. येथे प्रश्न त्वचेपुरता राहत नाही. काही स्वस्त, बेनावी किंवा बाहेरून आणलेल्या क्रीममध्ये पारा असतो. पाऱ्यामुळे त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया मंदावते, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत हा विकार एका विशिष्ट, एरवी क्वचित आढळणाऱ्या प्रकारचा होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. हे फार दूरचे वाटत असेल, तर आपल्या अकोल्याची बातमी आठवा. २०२३ च्या सुरुवातीला तेथील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा त्रास झाल्याचे आणि त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडल्याचे वृत्तपत्रांत आले होते.

डोळ्यांभोवती लावायच्या वस्तू सोडल्यास इतर प्रसाधनांत पाऱ्याचे प्रमाण दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये, असा आपल्याकडे नियम आहे. परंतु नियम मोडणारा वेष्टनावर 'पारा' असे लिहीत नाही. म्हणून ज्या क्रीमवर उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक नाही आणि जी आठ दिवसांत गोरे करण्याचे वचन देते, ती घरात ठेवूच नये. अशी क्रीम वापरत असाल आणि लघवीला फेस येत असेल, सकाळी डोळ्यांखाली किंवा संध्याकाळी पायांवर सूज दिसत असेल, तर लघवीतील प्रथिनांची तपासणी लगेच करून घ्या. हा विकार वेळीच कळला आणि क्रीम बंद केली, तर बहुतेक रुग्ण सुधारतात.

चौथा ढीग, चांगल्या पण नको असलेल्या वस्तूंचा. एकाच छटेच्या तीन लिपस्टिक, न शोभणारी आयशॅडो, अर्धवट वापरलेली चार फाउंडेशने. यांतले एकेक ठेवा. उरलेले उघडे प्रसाधन कामवाल्या बाईंना किंवा मुलींना खेळायला देऊ नका. जे आपल्या चेहऱ्याला चालत नाही, ते त्यांच्याही चेहऱ्याला चालणार नाही. टाकताना ट्यूब कापून टाकावी, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही.

मग ठेवायचे काय?

रोजसाठी माझ्या मते एवढे पुरे:

१. सौम्य साबण किंवा फेसवॉश. दिवसातून दोनदा. घासूनघासून तोंड धुतल्याने कोणी उजळत नाही. त्वचा मात्र कोरडी पडते.

२. एक साधे, वास नसलेले मॉइश्चरायझर. त्वचा कोरडी असेल तर थंडीत व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलही चालते. मुरुमे असणाऱ्यांनी तेल टाळावे.

३. सनस्क्रीन. वांग असणाऱ्यांनी बाकी सगळे सोडले तरी चालेल, हे सोडू नये. एसपीएफ १५ चे सनस्क्रीन उन्हातील अतिनील 'बी' किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, एसपीएफ ३० चे सुमारे ९७ टक्के. त्यामुळे ३० पुरेसे आहे. मात्र ते बेताने लावून उपयोग नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे व उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. शेतावर जाणाऱ्या भगिनींनी डोक्यावरून पदर किंवा रुमाल घ्यावा. तो कोणत्याही क्रीमपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा.

४. एक काजळ. पापण्यांच्या बाहेरच्या बाजूने लावावे. सुरम्यात बऱ्याचदा शिसे असते, तो टाळावा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ किंवा सुरमा घालू नये.

५. एक लिपस्टिक आणि टिकली किंवा कुंकू. सुट्ट्या कुंकवातील रंगांमुळे कपाळावर काळसर डाग पडतात. टिकलीच्या डिंकातील एका रसायनाने त्याच जागी पांढरा डागही पडू शकतो. तो दिसला की बायका 'कोड आले' म्हणून घाबरून जातात आणि लपवण्यासाठी त्यावर आणखी मोठी टिकली लावतात. असे करू नका. टिकली ताबडतोब बंद करून डॉक्टरांना दाखवा. एरवीही रात्री झोपताना टिकली काढून ठेवावी.

लग्नकार्यासाठी एक फाउंडेशन आणि एक कॉम्पॅक्ट असावी. फाउंडेशन घेताना हातावर नव्हे, जबड्याच्या कडेला लावून, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात पाहावे. आपल्या रंगात मिसळते ते आपले. दोन छटा उजळ घेतले, की चेहरा आणि मान वेगवेगळ्या माणसांची दिसते.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

महाग वस्तू सुरक्षित असते का? किंमत आणि ॲलर्जी यांचा संबंध नाही. ॲलर्जी घटकांची होते.

'हर्बल' असेल तर? वनस्पतींचीही ॲलर्जी होते. लिंबू चोळून उन्हात गेल्यावर चेहरा काळवंडलेल्या मुली मी पाहते. 'काळी मेहंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत तर बऱ्याचदा केसांच्या कलपातलेच तीव्र रसायन असते.

नवी वस्तू कशी तपासावी? कोपराच्या आतल्या बाजूला, त्याच ठरावीक जागी, रोज दोनदा सात दिवस लावावी. खाज, लाली किंवा पुरळ आले नाही, तरच चेहऱ्याला लावावी. धुऊन टाकायची वस्तू नेहमी ठेवतो तेवढाच वेळ ठेवून धुवावी. केसांचा कलप लावण्यापूर्वी वेष्टनावरील सूचनेप्रमाणे थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी.

पार्लरमध्ये जाताना? आपले काजळ आणि लिपस्टिक बरोबर न्यावी. तेथे बरणीतून काढून लावलेल्या क्रीमचे नाव विचारावे. सांगितले नाही तर लावून घेऊ नये.

लक्षात ठेवा

• डबी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी.
• काजळ, लिपस्टिक, पफ कोणाशीही वाटून वापरू नये, सख्ख्या बहिणीशीही नाही.
• पफ व ब्रश आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन वाळवावेत.
• झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा.
• चेहऱ्यावर पुरळ उठले तर सर्व प्रसाधने बंद करावीत. आठ दिवसांत उतरले नाही, तर डॉक्टरांकडे जावे आणि जाताना सगळ्या वस्तू पिशवीतून न्याव्यात.
• नवी वस्तू घ्यायची असेल, तर आधी खणातील एक संपवावी.