नस वेगळी होती, तर आधी पाहिली का नाही?

"तुमच्या नसेचा मार्गच जगावेगळा, त्याला मी काय करणार?" खालची अक्कलदाढ काढल्यावर ओठ बधिरच राहिला म्हणून मी परत गेले, तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता हे ऐकवलं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

इंजेक्शनचा असर उतरायला हवा होता. दुसऱ्या दिवशी पेज खाताना हनुवटीला शीत चिकटलं, ते मुलीने सांगितलं. रात्री ओठ दाताखाली येऊन रक्त आलं, तरी मला कळलं नाही. दाढ काढतानाही विजेचा झटका बसावा तशी कळ आली होती. मी हात वर केला, तर "थोडं सहन करा" म्हणाले.

दुसऱ्या डॉक्टरांनी माझी जुनी ओपीजीच, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, उजेडावर धरली. नसेच्या बोगद्याच्या कडांच्या पांढऱ्या रेघा दाढेच्या मुळाशी तुटलेल्या होत्या आणि मूळ तेवढ्याच भागात काळसर दिसत होतं. नस मुळाला खेटून असल्याच्या या खुणा १९९० सालीच शोधनिबंधात मांडल्या गेल्या आहेत. म्हणजे इशारा फिल्मवर होता, फिल्म पहिल्या डॉक्टरांच्या हातात होती! मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, केला. त्यात बोगद्याला फाटा फुटलेला दिसला. असा फाटा असला की नेहमीचं इंजेक्शन कधी कधी पुरतं लागत नाही, हेही तेव्हाच कळलं.

आणि हे जगावेगळं नाही. साध्या ओपीजीवर असे फाटे शंभरात जेमतेम एखाद्याला दिसतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मात्र सीबीसीटीवर ६५ टक्के रुग्णांत ते सापडले. नस ज्या छिद्रातून हनुवटीकडे बाहेर पडते, त्याची जागाही सगळीकडे सारखी नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत ते बहुधा दोन उपदाढांच्या मधे असतं, आशियाई आणि आफ्रिकी लोकांत बऱ्याचदा दुसऱ्या उपदाढेच्या खाली. जबडा माणसागणिक बदलतो हे ठाऊक असलेल्यानेच 'तुमचा वेगळा' म्हणून हात झटकावेत, हे मला पटत नाही.

तेव्हा ओपीजीवर मूळ बोगद्यावर चढलेलं दिसलं, तर सीबीसीटी करायचा का, हे आधी स्पष्ट विचारा. मुळं तशीच ठेवून दाढेचा फक्त वरचा भाग कापता येईल का, तेही विचारा. मला कोणी हा पर्याय सांगितलाच नाही. दुसरं मत घ्या, घाई करू नका. हाच धोका खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवतानाही असतो; त्यानंतर ओठ बधिर राहिला तर त्याच दिवशी फोन करा, कारण स्क्रू नसेवर टेकला असेल तर तो काढायचा निर्णय तासांत घ्यावा लागतो. "येईल हळूहळू" एवढ्यावर घरी परतू नका. बधिर भागाची कड पेनाने आखून तारखेसह फोटो काढत राहा. भाग आकसतोय की नाही, ते त्यातूनच दिसतं.

संमतिपत्र आदल्या दिवशी घरी आणून वाचा. माझ्याकडून सही घेतली ती खुर्चीत आडवं केल्यावर, दिवा डोळ्यांवर असताना. ओपीजी मात्र लेखी अर्ज केल्याशिवाय हाती दिली नाही.