इंजिन पुन्हा खोलू देण्याआधी

अगं, काल फोनवर तुझा रडवेला आवाज ऐकला आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. मामंजींची पेट्रोल जीप, हौसेनं एवढा खर्च करून इंजिन बांधून घेतलं, लेदवर बोअर झालं, पिस्टन-रिंगा नव्या पडल्या, व्हॉल्व्ह घासले, आणि गाडी पेठला आली ती लंगडतच. स्लो धरत नाही, उभ्या उभ्या थरथरते, कोटंबीच्या घाटात नागलीची चार पोती मागे असली की झटके मारते. आता मिस्त्री म्हणतोय, पुन्हा खोलावं लागेल. लगेच हो म्हणू नकोस. निदान चार दिवस तरी थांब.

पेठ नाक्यावरच्या आप्पांच्या गॅरेजमध्ये तू फ्रॉकमध्ये खेळायचीस तेव्हा मी पाने पुसून देत होते, म्हणून हे एवढ्या हक्कानं सांगते. बांधून आलेलं इंजिन नीट चालत नसेल तर आतलं काम बहुतेक वेळा ठीकच असतं. चूक असते ती परत जोडताना झालेली. इंजिन उतरवताना प्रत्येक वायर, नळी, पॅकिंग सुटतं आणि पुन्हा बसवावं लागतं. तिथं एक जरी इकडचं तिकडे झालं, तरी नवं इंजिन जुन्यापेक्षा वाईट चालतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एकदा एका गाडीला प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर एका दमात नवे घातले. गाडी आधीपेक्षा जास्त मिस मारायला लागली आणि तीन दिवस मला कळेना की का. शेवटी जुना कंडेन्सर परत लावला, तशी ती सुरळीत झाली. डबीतून काढलेला नवा कंडेन्सरच खराब होता. नवी वस्तू चांगलीच असणार, हे मी तेव्हापासून धरून चालत नाही.

सुरुवात अशी कर. इंजिन चालू ठेव, रेस जरा वाढव, आणि रबरी मुठीच्या पक्कडीनं एकेक प्लगची वायर क्षणभर काढून लगेच परत लाव. काढल्यावर इंजिन जास्त लंगडलं, तर तो सिलिंडर काम करतोय. ज्या वायरीनं काहीच फरक पडत नाही, तो झोपलाय. एकच झोपला असेल तर प्लग, वायर, टॅपेट, कॉम्प्रेशन असं शोधत जायचं. चारही सारखेच अशक्त वाटले, तर टायमिंग, हवा किंवा पेट्रोल. एवढ्यानं अर्धा शोध संपतो, आणि खर्च शून्य.

मग वायरींचा क्रम. ह्या जुन्या हरिकेन इंजिनाचा क्रम १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढ, कुणाला तरी जरा सेल्फ मारायला सांग आणि रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते डोळ्यांनी बघ. त्याच दिशेनं वायरी १-३-४-२ लागायला हव्यात. शेजारच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर इंजिन दोन सिलिंडरवर कसंबसं चालतं आणि कार्बोरेटरमधून शिंकतं. पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, प्लगचा ०.०३० इंच, टायमिंग त्यानंतर. रात्री अंगणातला दिवा बंद करून बॉनेट उघड. वायरींवरून, झाकणावरून निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या तर तिथून करंट गळतोय. तुमच्याकडच्या पावसाळी दमटपणात झाकणातली बारीकशी चीरसुद्धा पुरते.

आता हवा. ह्या इंजिनात इनलेट मॅनिफोल्ड वेगळा नसतोच, तो हेडमध्येच ओतलेला असतो आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. म्हणून बाहेरची हवा आत शिरायला मुख्य जागा दोनच: कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, आणि थ्रॉटलचा झिजलेला दांडा. वायपरची व्हॅक्यूम नळी असेल तर तीही तपास, बोळा घालून बंद कर आणि फरक बघ. इंजिन गरम असताना चोक जरासा ओढ. ओढल्यावर सुधारलं, तर गाडी हवा तरी घेतेय नाहीतर पेट्रोल तरी कमी पडतंय. शोधायला स्प्रेच्या बाटलीतून पाणी मार. काहीजण पेट्रोल शिंपडतात, ते तू मुळीच करू नकोस, खाली सायलेन्सर तापलेला असतो.

टॅपेटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझा संशय तिथेच आहे. ह्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली, ब्लॉकच्या कुशीत. वरचे टॅपेट झाकण काढलं की सहज दिसतात. बाजूचे बघायला वाकावं लागतं, हात पुरत नाही, बोटं सोलतात. म्हणून घाईच्या दिवशी ते राहून जातात. व्हॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये थोडा खोल बसतो, दांडी टॅपेटकडे सरकते आणि गॅप कमी होतो. गॅपच उरला नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. थंड इंजिनावर इनलेटचा ०.०१८ आणि एक्झॉस्टचा ०.०१६ इंच हवा. टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही म्हणून तुझे यजमान खूश आहेत म्हणालीस ना, मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

कार्बोरेटर शेवटी, आणि स्क्रू फिरवण्याआधी टाकी. गाडी गॅरेजच्या आवारात पावसाळाभर उभी होती. काचेच्या बाटलीत टाकीतलं थोडं पेट्रोल काढ आणि तासभर ठेव. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि फार झालं की पाण्यासकट खाली बसतं. शिवाय जुन्या जेटवर त्याचं मिश्रण थोडं पातळच पडतं, आणि पंपाचा जुना रबरी पडदाही त्यानं खराब होऊ शकतो.

एवढं सगळं बघूनही मिस्त्री खोलायचंच म्हणाला, तर शांतपणे एकच विचार: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती आलं? चारही प्लग काढून, एक्सिलेटर पूर्ण दाबून घेतलेला आकडा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा घ्यायचा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. नव्या रिंगा बसायला काही शे किलोमीटर जातात, म्हणून चारही थोडे कमी पण सारखे आले तर घाबरू नकोस. आकडा नाही तर खोलणंही नाही. तो तुझ्याशी न बोलता तुझ्या यजमानांशी बोलेल, तेव्हाही तूच विचार. पैसे तुझ्या आंब्यांचे गेलेत.

आज संध्याकाळी चारही प्लग काढ, पुठ्ठ्यावर एक ते चार आकडे लिहून क्रमानं ठेव आणि उजेडात फोटो पाठव. काजळी धरलेला, पेट्रोलनं ओला, पांढराफटक, ऑइलनं चिकट, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. रविवारी मी सकाळच्या गाडीनं येते, आप्पांचं फिलर गेज आणि कॉम्प्रेशन गेज घेऊन. त्या दिवशी मी पोचेपर्यंत जीप चालू करू नका. टॅपेट थंड इंजिनावरच बघायचेत.