टीएमटी करायची की नाही? कमलनगरकरांसाठी खर्चाचा हिशेब

ऑक्टोबर 2021 मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या 46व्या वर्षी हृदयविकाराने अचानक गेले आणि कर्नाटकभर हृदयतपासणीसाठी रांगा लागल्या. जुलै 2025 मध्ये हासन जिल्ह्यातल्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हाही तेच झालं. बीदर जिल्ह्यातल्या आपल्या कमलनगर भागातही अशी बातमी आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो: ‘टीएमटी करून घ्यावी का?’ टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट, फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी. ती करावी का, याचं उत्तर तुमच्या वयावर, त्रासावर आणि बीपी-शुगरवर अवलंबून आहे. ज्याला गरज आहे त्याने खर्चाला घाबरून चाचणी टाळू नये. ज्याला गरज नाही त्याने भीतीपोटी पैसे घालवू नयेत.

चाचणीत काय होतं?

छातीवर दहा चिकट पट्ट्या, दंडाला बीपीचा पट्टा, आणि तुम्ही फिरत्या पट्ट्यावर चालायला लागता. नेहमीच्या ‘ब्रूस’ पद्धतीत सुरुवात ताशी 2.7 किलोमीटरने आणि 10 टक्के चढाने होते. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. 220 मधून वय वजा केलं की नाडीचा अंदाजे कमाल वेग येतो, आणि निदान त्याच्या 85 टक्क्यांपर्यंत नाडी जावी असं पाहतात. पन्नाशीच्या माणसासाठी तो आकडा मिनिटाला 145च्या आसपास येतो. चालणं बहुतेकांचं सहा ते बारा मिनिटांत आटोपतं. तयारी आणि नंतरची विश्रांती धरून अर्धा-पाऊण तास लागतो.

खर्च किती?

बीदर, लातूर, कलबुर्गीसारख्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांत टीएमटीचे आणि हृदयाच्या इतर तपासण्यांचे दर साधारण असे असतात. दवाखान्यागणिक ते बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा.

• ईसीजी: 200 ते 400 रुपये
• टूडी एको: 1,200 ते 2,500 रुपये
• टीएमटी: 1,000 ते 2,500 रुपये
• स्ट्रेस एको: 2,500 ते 5,000 रुपये
• सीटी अँजिओग्राफी: 8,000 ते 15,000 रुपये
• साधी अँजिओग्राफी: 10,000 ते 20,000 रुपये

फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: या दरात डॉक्टरांची फी धरली आहे का, चाचणीच्या वेळी डॉक्टर हजर असतात का, आणि रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो का. रिपोर्टसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं तर गाडीभाडं आणि बुडालेली रोजी धरून स्वस्त चाचणीही महाग पडते.

कुणी करावी?

चालताना, चढ चढताना किंवा शेतात काम करताना छातीत दाब येतो, धाप लागते आणि थांबलं की बरं वाटतं, अशा माणसाला या चाचणीचा खरा उपयोग. तपासून ती सुचवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. वय जास्त, मधुमेह, बीपी, तंबाखू किंवा विडी असेल तर अशा त्रासाकडे मुळीच दुर्लक्ष करू नका.

त्रास काहीच नाही आणि धोकाही कमी, अशा तरुणाने नुसती शंका म्हणून टीएमटी करू नये. ही चाचणी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांपैकी साधारण दोनतृतीयांश लोकांनाच पकडते. उलट निरोगी माणसांतही काहींचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येतो, बायकांमध्ये जास्त. मग अँजिओग्राफीपर्यंत खर्च वाढतो आणि घर काळजीत पडतं. ‘निगेटिव्ह’ रिपोर्टनेही पुरतं निर्धास्त होऊ नये, कारण ही चाचणी मुख्यतः जास्त अरुंद झालेली वाहिनी दाखवते. कमी अरुंद वाहिनीतही अचानक गुठळी होऊन झटका येऊ शकतो.

त्रास नसलेल्या माणसाने आधी सरकारी दवाखान्यात बीपी आणि शुगर तपासून घ्यावं. तीस वर्षांवरच्यांसाठी ही तपासणी तिथे मोफत असते. त्यापुढे डॉक्टर सांगतील तर कोलेस्टेरॉल. तंबाखू सोडायला तर खर्चच नाही.

टीएमटीच्या भानगडीत कधी पडू नये?

बसल्या जागी छातीत दुखतंय, घाम फुटलाय, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय, तर टीएमटीची वेळ घेत बसू नका. 108ला फोन करा आणि ईसीजी होईल अशा जवळच्या दवाखान्यात जा. पुनीत राजकुमार यांच्याच नावाच्या ‘हृदय ज्योती’ योजनेत कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यांत ईसीजी काढून, गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत दिलं जातं. जवळच्या कोणत्या दवाखान्यात ही सोय आहे, ते आजच विचारून ठेवा.

कुठे जायचं?

उदगीर जवळ आहे, बीदर रेल्वेच्या थेट मार्गावर आहे, आणि मोठ्या उपचारासाठी कलबुर्गी. तिथे जयदेव हृदयरोग संस्थेचं 371 खाटांचं नवं रुग्णालय डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालं. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, मात्र तातडीची वेळ नसेल तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. दाखल न होता नुसती टीएमटी करायची असेल, तर ती योजनेत बसते का हे आधीच विचारा. महाराष्ट्र सरकारनेही सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आहे. आपलं गाव त्यात आहे का, हे उदगीर-लातूरच्या दवाखान्यातल्या, या योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

जाण्याआधी

दोन-तीन तास पोटभर जेवू नका. चहा, कॉफी, तंबाखू टाळा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढत नाही, त्यामुळे चाचणी अपुरी राहते. पण कोणती गोळी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील, स्वतःहून बंद करू नका. पायात बूट घाला. बायकांनी साडीऐवजी सलवार आणि पुढून उघडणारा सैल कपडा घालावा. जुना ईसीजी आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

रिपोर्ट हातात आला की ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’वर थांबू नका. किती मिनिटं चाललो, चाचणी का थांबवली, छातीत दुखलं का, नाडी लक्ष्यापर्यंत गेली का, हे डॉक्टरांना विचारा. दम न लागता जास्त वेळ चालता आलं, ही स्वतःच चांगली खूण असते. चाचणीत निघालेल्या ईसीजीच्या पूर्ण पट्ट्या मागून घ्या आणि फाईलमध्ये लावा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तीच चाचणी पुन्हा करण्याचा खर्च बऱ्याचदा टळतो.